पाच रुपयांचा पुडा आणि कुळथाची पिठी

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी बोललं की दंड असायचा, त्यामुळे मराठी लिहायची वेळ आली की ऱ्हस्व-दीर्घाशी माझं अजून भांडण होतं. मराठी विभागाच्या संपादकांनी 'लिही गं, आम्ही बघून घेऊ' असं म्हटलं म्हणून हे धाडस! चुका राहिल्या असतील तर सांभाळून घ्या.

दुसरी कबुली यापेक्षा मोठी आहे. सेकंड इयरला आपल्या कॉलेजात एन.एस.एस.चं रक्तदान शिबिर झालं. पोस्टर्स रंगवणाऱ्या टीममध्ये मी सगळ्यात पुढे होते. माझा नंबर आल्यावर सिस्टरने बोटातून रक्ताचा थेंब घेतला, मशीनकडे पाहिलं आणि मला बाजूला बसवलं. हिमोग्लोबिन ९.४! रक्त द्यायला किमान १२.५ लागतं. 'तूच कुणाकडून तरी घे,' असं मैत्रिणी चिडवत होत्या आणि मीही हसत होते. पण रात्री होस्टेलवर हिशेब केला. सकाळी चहा आणि खारी, दुपारी कँटीनचा वडापाव, संध्याकाळी परत चहा, रात्री मेसची भाजी आवडली नाही की नूडल्स. बरं, यावर पैसे कमी खर्च होत होते असंही नाही. दिवसाला शंभर-सव्वाशे रुपये सहज जात होते. म्हणजे पैसे होते, शिक्षण होतं, फक्त 'आज काय खायचं' हे ठरवायला मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

मी काही एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया होता. दहा मुलींमागे सहा! आपल्या वर्गातल्या मुली मोजा आणि विचार करा.

इंजिनिअरला जेवणाचं गणित नवीन नाही

थर्ड इयरला आपल्याला ऑपरेशन्स रिसर्च आहे. त्यातलं लिनिअर प्रोग्रॅमिंग बहुतेक जण पाठ करून पास होतात. पण या विषयाचं एक जुनं आणि गाजलेलं उदाहरण जेवणाचंच आहे, हे किती जणांना माहीत आहे?

जॉर्ज स्टिगलर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये एक प्रश्न मांडला. ७७ खाद्यपदार्थ आणि त्यांचे भाव दिलेले आहेत. एका माणसाला ऊर्जा, प्रथिनं, कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं अशा नऊ गोष्टी ठराविक प्रमाणात मिळाल्या पाहिजेत. तर वर्षाचा खर्च कमीत कमी किती? त्याने अंदाजपंचे पण फार हुशारीने उत्तर काढलं. १९३९ च्या भावाने वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. मग १९४७ मध्ये जॉर्ज डान्ट्झिगने सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि तिची परीक्षा घ्यायला हेच गणित निवडलं गेलं. तेव्हा कॉम्प्युटर कुठे होते! नऊ कारकून टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर बसले आणि एकूण १२० मनुष्यदिवस खपून उत्तर आलं, ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिगलरचा अंदाज फक्त २४ सेंटने चुकला होता.

पुढची गंमत तर आणखी भारी. डान्ट्झिगला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा त्याने स्वतःचा आहार कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं ठरवलं. पहिल्या उत्तरात कॉम्प्युटरने त्याला दिवसाला ५०० गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं! व्हिनेगर यादीतून काढलं तर दुसऱ्या दिवशी २०० बुयाँ क्यूब, म्हणजे सूपच्या वड्या. त्यांच्यावर मर्यादा घातली तर दोन पौंड कोंडा. शेवटी त्याच्या बायकोनेच हे सगळं बाजूला ठेवून स्वतः जेवण ठरवलं.

ही गोष्ट वाचून मी खूप हसले होते. दोनच महिन्यांनी मी तीच चूक करणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

धामापूर

माझं आजोळ धामापूर. मालवणहून चौके मार्गे कुडाळकडे निघालात की वाटेत हे गाव लागतं. गावाची ओळख म्हणजे तलाव. १५३० मध्ये विजयनगरच्या काळात मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने तो बांधला. काठावर भगवती देवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी झाडी. २०२० मध्ये सिंचनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. म्हणून पावसात साठवायचं आणि उन्हाळ्यात जपून वापरायचं. तलाव म्हणजे पाण्याचं बजेटच की! पाचशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे केलं त्यांच्या गावात मी बजेट 'शिकवायला' गेले होते, हे आता आठवलं की लाज वाटते.

झालं असं, की एन.एस.एस.साठी प्रत्येकाला सुट्टीत आपल्या गावी एक छोटा उपक्रम करायचा होता. मी विषय घेतला 'मुलांना कमी खर्चात संतुलित आहार ठरवायला शिकवणे'. रक्तदान शिबिराची जखम ताजी होती ना! गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी परीक्षा संपवून धामापूर गाठलं. शाळांना सुट्टी होती. आजीच्या खळ्यात वाडीतली पाचवी ते आठवीची बारा-तेरा मुलं जमली.

पहिला दिवस, म्हणजे फज्जा

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उघडला आणि छान रंगीत तक्ता दाखवला. दूध, पनीर, सफरचंद, ब्रोकोली, बदाम. मुलं शहाण्यासारखी गप्प बसली. मग सातवीतल्या एका मुलीने हळूच विचारलं, "ताई, ह्येचे पैसे कोण देतलो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका मुलाला ब्रोकोली म्हणजे कोबीचीच आजारी बहीण वाटली. सगळे खो खो हसले आणि माझा पहिला तास संपला.

आजी ओट्यावर बसून फणसाच्या आठळ्या निवडत होती. ती म्हणाली, "गो बाय, आधी त्येंच्या चुलीर काय शिजता ता इचार. मगे शिकव."

आठळ्या का निवडत होती? पावसाळ्यासाठी. वर कणगीत कुळीथ होते, डब्यात सुकी मासळी, बरणीत आमसुलं, फळीवर सुकवलेली कैरी. पावसात बाजाराला जाणं होत नाही, मासेमारी बंद असते, शेतीच्या कामात स्वयंपाकाला वेळ नसतो. म्हणून उन्हाळ्यातच चार महिन्यांची बेगमी. 'मील प्लॅनिंग' म्हणून जो शब्द मी इंटरनेटवर वाचला होता, तो माझ्या आजीच्या घरात फळीवर मांडलेला होता. मी वीस वर्षं तो बघत होते आणि मला तो दिसला नव्हता.

तीन दिवसांची वही

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घरातच ठेवला. प्रत्येकाला एक वही दिली आणि सांगितलं, तीन दिवस जे खाल ते सगळं लिहा. तीन रकाने. काय खाल्लं, विकतचं असेल तर किती रुपये, आणि परसातलं किंवा साठवणीतलं असेल तर नुसती खूण.

वह्या परत आल्या तेव्हा खरा अभ्यास सुरू झाला. सकाळी बहुतेकांकडे उकड्या तांदळाची पेज, नाहीतर चहा आणि बटर. दुपारी भात आणि माशाची आमटी. रात्री पुन्हा भात. डाळ-उसळ मुख्यतः सोमवारी, म्हणजे मासे न खाण्याच्या वारी! आंबे, फणस, जांभळं अशी फळं भरपूर, कारण मे महिना. पालेभाजी मात्र बारा वह्यांत मिळून चारच वेळा. आणि सगळ्यात आश्चर्याची गोष्ट म्हणजे विकतच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेली वस्तू तांदूळ नव्हती, तेल नव्हतं, मासेही नव्हते. ती होती पाच आणि दहा रुपयांचे पुडे. बिस्किटं, वेफर्स, कुरकुरीत नळ्या.

मी काही बोलले नाही. मुलांनीच बेरीज केली. एका मुलाची तीन दिवसांत पंचावन्न रुपये निघाली. तो स्वतःच म्हणाला, "एवढे?"

आता थोडी थिअरी. अन्नाचे तीन गट आपण शाळेत शिकलोय: ऊर्जा देणारे, शरीर बांधणारे आणि शरीराचं रक्षण करणारे. मुलांना हे कोकणातल्या घराच्या भाषेत सांगितलं. डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दूध म्हणजे भिंतीचे चिरे. भात, भाकरी, तेल, गूळ म्हणजे गवंड्याची मजुरी. ती दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. भाज्या आणि फळं म्हणजे दारं, खिडक्या आणि कौलं, घराची राखण. नुसती मजुरी देऊन घर उभं राहत नाही आणि चिऱ्यांचा ढीग म्हणजेही घर नव्हे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवीन आहार मार्गदर्शिका काढली. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्या माणसाच्या ताटात धान्य २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असाव्यात असं ती सांगते. म्हणजे भाज्या धान्यापेक्षा जास्त! आपल्या ताटात बरोबर उलटं असतं. वाडीतही आणि होस्टेलवरही.

दहा ग्रॅमचा भाव

'स्वस्त' म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न. मुलांच्या मते पाच रुपयांचा पुडा स्वस्त आणि सात रुपयांचं अंडं महाग. म्हणून आम्ही एक युनिट ठरवलं: दहा ग्रॅम प्रथिनं मिळवायला किती रुपये लागतात? गावातल्या दुकानातून मुलांनी भाव लिहून आणले. पुड्यावरचे आकडे पुड्याच्या मागे वाचले, बाकीचे मी पोषण संस्थेच्या तक्त्यांतून दिले.

कुळीथ ११० रुपये किलो. शंभर ग्रॅमला ११ रुपये, त्यात प्रथिनं साधारण २२ ग्रॅम. म्हणजे दहा ग्रॅम पाच रुपयांत. हरभरे ९० रुपये किलो, त्यांचाही भाव पावणेपाच-पाच रुपये. शेंगदाणे सहाच्या आसपास. तूरडाळ १४० रुपये किलो, म्हणजे सव्वासहा-साडेसहा. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, म्हणून दहा ग्रॅमला पावणेबारा रुपये. बिस्किटांच्या पाच रुपयांच्या पुड्यात तीन-साडेतीन ग्रॅम, म्हणजे साधारण पंधरा रुपये. दूध साठ रुपये लिटर, तर जवळपास एकोणीस रुपये. आणि वेफर्स? दहा रुपयांच्या पुड्यात पावणेदोन ग्रॅमसुद्धा नाहीत. म्हणजे दहा ग्रॅमला जवळपास साठ रुपये!

माशांचा भाव रोज बदलतो. तारली स्वस्त असली की ती डाळीच्या जवळ येते, बांगडा महागला की लांब जातो. हे मला मुलांनीच समजावून सांगितलं.

कुळीथ पहिला आला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "कुळीथ घरचेच आसत, त्येंका पैसे खंय लागतत?" म्हणजे भाव पाच रुपयेही नाही, शून्य! मी ही गोष्ट माझ्या शीटमध्ये धरलीच नव्हती.

पण एक सावधगिरी. नुसत्या भावावर जाऊ नका. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. त्यासाठी दूध, अंडं किंवा मासा हवा. भातातल्या प्रथिनांत लायसिन कमी असतं आणि डाळीतल्या प्रथिनांत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आमटी-भात, खिचडी, पिठी-भात हे आपल्या पूर्वजांनी कुठल्याही लॅबशिवाय शोधलेलं उत्तर आहे. लोहाचंही तसंच. कडधान्यात आणि पालेभाजीत लोह असतं, पण शरीर त्यातलं थोडंच घेतं. सोबत लिंबू, पेरू, आवळा असं सी जीवनसत्त्व असेल तर जास्त घेतं, आणि जेवणाबरोबर चहा प्यायला तर कमी. (हे सांगताना माझा चहाचा कप मी हळूच मागे सरकवला.)

रोज पिठी?

इतका डेटा हातात आल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये सगळं भरलं. उद्दिष्ट कमीत कमी खर्च. अटी ऊर्जा, प्रथिनं, लोह, कॅल्शियम. बटण दाबलं. दोन सेकंदांत उत्तर आलं. नऊ कारकुनांना नमस्कार! उत्तरात होते तांदूळ, कुळीथ, नाचणी, थोडे शेंगदाणे आणि शेवग्याचा पाला. रोज. तिन्ही त्रिकाळ. वर्षभर.

मुलं पोट धरून हसली. "ताई, रोज पिठी?"

हेच ते माझं व्हिनेगर! मग डान्ट्झिगची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, गणित चुकलेलं नाही, आपण अटी कमी घातल्या. आता तुम्ही अटी सांगा. आणि काय सांगू, अटींचा पाऊस पडला. सोमवारी मासे नाहीत. चूल एकच, म्हणून दोन भांड्यांच्या वर नको. आई काजूच्या कारखान्यातून साडेसहाला येते, म्हणून रात्रीचं अर्ध्या तासात झालं पाहिजे. धाकटा भाऊ टाकळ्याची भाजी कडू म्हणून खात नाही. आजोबांना दात नाहीत. मोड आणायचे तर आदल्या रात्री आठवण कुणी ठेवायची? पाहुणे आले तर?

मला वाटतं खरं शिक्षण या अर्ध्या तासात झालं. आहाराचा तक्ता कुणीही पाठ करेल. पण आपल्या घरात काय शक्य आहे आणि काय नाही हे ओळखून त्यात बसेल असा बेत करणं म्हणजेच नियोजन. उत्तर मुलांना आयतं द्यायचं नाही. अटी त्यांनी घालायच्या, उत्तरही त्यांनीच काढायचं. मला सॉल्व्हर येत होता, पण त्या घरांच्या अटी मला माहीत नव्हत्या. त्या मुलांनाच माहीत होत्या.

एक गोष्ट तर त्यांना आधीपासूनच येत होती. गोकुळाष्टमीला मालवणी घरात आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची आमटी आणि शेगलाची भाजी, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात. धान्य, कडधान्य आणि पालेभाजी. तिन्ही गट एका ताटात, आणि पाला परसातला, फुकटचा. शंभर ग्रॅम पाल्यात जवळपास तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. "मगे ता वर्षातून एकदाच कित्याक?" असं एकीने विचारलं. मीही तेच विचारते.

सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे

मुलांना मी एक कोडं घातलं. सरकारचा खरा हिशेब वापरून.

शाळेत दुपारचं जेवण मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलांना शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला. २०२१ पासून तिचं नाव पीएम पोषण आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. धान्य वेगळं मिळतं. बाकी साहित्यासाठी मे २०२५ पासून ठरलेला दर प्राथमिकला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे.

"जमतं का बघा," म्हटलं. मुलांनी मांडलं. डाळ २० ग्रॅम, २ रुपये ८० पैसे. भाजी ४० रुपये किलोने ५० ग्रॅम, २ रुपये. तेल १५० रुपये किलोने ५ ग्रॅम, ७५ पैसे. एकूण ५ रुपये ५५ पैसे. उरले १ रुपया २३ पैसे, त्यात जळण, मीठ, मसाला. प्रथिनं तपासली: तांदळातून जवळपास ८ ग्रॅम, डाळीतून साडेचार. बारा पूर्ण! "बसला!" म्हणून टाळ्या पडल्या.

मग एकाने विचारलं, "आणि अंडं?" अंडं सात रुपयांचं. म्हणजे एका अंड्यातच सगळं बजेट संपलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं होतं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला, ही बातमी मी वाचली होती. पण त्या बातमीचा अर्थ मला त्या दिवशी कळला. बजेटमध्ये एक आकडा हलला की कुठल्या तरी ताटातली एक वस्तू जाते. पाचवीतल्या मुलाला हे कळलं तर उद्या तो मोठा होऊन ग्रामसभेत बरोबर प्रश्न विचारेल, असं आपलं मला वाटतं.

तीस रुपये

पहिल्या दिवशी 'पैसे कोण देतलो' विचारणारी ती मुलगी आठवते ना? तिची आई काजूच्या कारखान्यात कामाला आहे. वडील बाहेरगावी. संध्याकाळी आई येईपर्यंत तिला आणि धाकट्या भावाला खायला म्हणून रोज तीस रुपये ठेवलेले असतात. तिच्या वहीत त्या तीस रुपयांचे दोन वेफर्सचे आणि दोन बिस्किटांचे पुडे होते. रोज.

आठव्या दिवशी तिने आपला बेत मांडला. हरभरे १०० ग्रॅम, ९ रुपये. सकाळी भिजत घालायचे, संध्याकाळी उकडायचे. दोन अंडी, १४ रुपये. एक लिंबू, ५ रुपये. एकूण अठ्ठावीस. आधीच्या तीस रुपयांत दोघांना मिळून दहा ग्रॅम प्रथिनं मिळत होती, आताच्या अठ्ठावीस रुपयांत एकतीस. हरभऱ्यावर लिंबू पिळायचं, म्हणजे लोहाचंही काम झालं. आणि रोजचे दोन रुपये साठवून महिन्याचे साठ.

मी खूश होऊन म्हटलं, "वा! मग रोज असंच." ती म्हणाली, "नाय ताई. शनिवारी वेफर. नायतर भाव रडतलो आणि पुरा मोडतला."

माझ्या सॉल्व्हरला हे कधीच सुचलं नसतं. जो बेत पाळला जात नाही तो कितीही संतुलित असला तरी शून्य. तिने वेफर्सवर बंदी घातली नाही, त्यांचा वार ठरवला.

सगळ्या वाडीत क्रांती झाली असं मी म्हणणार नाही. दहा दिवसांनी मी परत आले तेव्हा तीन-चार घरांत तरी पुडे कमी झाले होते, बाकी ठिकाणी आहे तसंच. पण जूनच्या पहिल्या पावसात टाकळा उगवला तेव्हा मुलांनी आपणहून पिशवी भरून आणला आणि आजीला म्हणाली, "ह्यो कौलांचो गट." तेवढं पुरे.

तुम्हीही करून बघा

भावाबहिणीला, शेजारच्या मुलांना किंवा एन.एस.एस.च्या कँपमध्ये शिकवायचं असेल तर माझ्या चुकांमधून निघालेला क्रम असा:

१. तक्ता दाखवू नका. आधी तीन दिवसांची वही लिहून घ्या. विकतचं आणि घरचं वेगळं.

२. कुणाच्या वहीला नावं ठेवू नका. मुलाच्या ताटावर टीका म्हणजे त्याच्या आईवर टीका, आणि मग ते मूल खोटं लिहायला लागतं. बेरीज त्यालाच करू द्या.

३. भाव त्यांनाच दुकानातून आणू द्या. पुड्याच्या मागचे आकडे वाचायला शिकवा. मग 'दहा ग्रॅमचा भाव' काढा.

४. अटी मुलांनाच घालू द्या. वेळ, चूल, वार, आवड, म्हातारी माणसं, सगळं.

५. खरे पैसे आणि एकच जेवण द्या. आठवड्याचा मोठा बेत नको. तीस रुपयांत संध्याकाळचं खाणं, एवढंच. ते करून खाल्ल्याशिवाय तास संपवू नका.

आणि हो, नेहमीच्या थकव्याला 'नीट खात जा' एवढंच औषध नसतं. ॲनिमिया असेल तर डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या घ्याव्याच लागतात. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुलं खिशात टाकतात, ती त्यांनी गिळावी म्हणून तीही या शिक्षणात घ्या.

शेवटी माझं काय झालं?

मीही वही लिहायला लागले. होस्टेलच्या खोलीत मोड काढायचा डबा आलाय. चहा जेवणानंतर तासाभराने. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तीन महिने न चुकता घेतल्या. शनिवारी नूडल्स! (धामापूरच्या त्या मुलीची कृपा.) खर्च पूर्वीपेक्षा कमीच होतो.

या वर्षीच्या शिबिरात परत रांगेत उभी राहिले. ११.८. परत बाजूला बसवलं. पण या वेळी सिस्टर हसून म्हणाल्या, "थोडंच राहिलंय."

सुट्टीत धामापूरला जाणार आहे. मुलांनी फोनवर विचारलंय, 'ताई, तुजा कितक्या झाला?' त्यांना आकडा सांगायचा आहे. पुढच्या शिबिरात साडेबाराच्या वर नेऊन दाखवेन, असं कबूल करून बसलेय.